जटा, ढोल आणि कॅमेरा

मुले कॉलेजात जाऊ लागली की त्यांच्या खोलीच्या भिंतीवर एक जटाधारी हसरा चेहरा हमखास अवतरतो. "हा कोण बुवा?" असे आईने विचारले की उत्तर येते, "अगं, बॉब मार्ले! रेगे गायचा." बाबांना त्या पोस्टरमध्ये धूर तेवढा दिसतो आणि काळजी वाटू लागते. मुलाला त्यात बेफिकिरी दिसते. गंमत अशी की, हा माणूस बेफिकीर मुळीच नव्हता, कमालीचा भाविक होता. त्याचा देव मात्र त्या चित्रात कुणालाच दिसत नाही. मला फोटो काढण्याचा जुना नाद आहे, म्हणून असेल, पण एक प्रश्न मला सतावतो. भक्ताचा फोटो काढला आणि त्यातून भक्ती वगळली, तर आपण नेमके काय टिपले?

आधी थोडा इतिहास. २ नोव्हेंबर १९३० रोजी इथिओपियात रास तफारी यांना 'हैले सेलासी' या नावाने राज्याभिषेक झाला. 'रास' ही पदवी आणि 'तफारी' हे नाव. गुलामांचे वंशज असलेल्या जमैकातल्या गरिबांना ही बातमी आकाशवाणीसारखी वाटली. मार्कस गार्वी यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममधून आफ्रिकेचा अभिमान त्यांच्या मनात आधीच पेरला होता. १९३२ साली लेनर्ड हॉवेल अमेरिकेतून जमैकाला परतले आणि 'सेलासी हाच देवाचा अवतार' असे सांगू लागले. या हॉवेलनी लिखाणासाठी घेतलेले टोपणनाव होते 'गंगुनगुरू मराघ'. यातले 'मराघ' म्हणजे चक्क आपले 'महाराज'! १८४५ ते १९१७ या काळात हिंदुस्थानातून छत्तीस हजारांवर गिरमिटिये मजूर जमैकाला गेले, त्यांच्या बोलीचा हा ठसा. 'गांजा' हा शब्दही त्यांच्याबरोबरच तिथे पोहोचला. जटांच्या उगमाबद्दल मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. कुणी आपल्या साधूंकडे बोट दाखवतात, कुणी बायबलमधल्या केस न कापण्याच्या व्रताकडे, तर कुणी केनियातल्या माऊ माऊ लढवय्यांकडे.

संगीतावरचा ठसा तर याहून खोल आहे. रास्तांच्या प्रार्थनासभेत, म्हणजे न्याबिंगीत, तीन ढोल वाजतात. मोठा ढोल संथ ठोका देतो, मधला तो सांभाळतो आणि लहान ढोल वर खेळतो. १९६० साली काउंट ऑसी यांनी हे ढोल 'ओ कॅरोलिना' या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात आणले. 'रेगे' हे नाव रूढ झाले ते १९६८ च्या सुमारास. रेगेच्या संथ लयीत त्या प्रार्थनेची धडधड आहे. अभंगातून टाळ काढून घेतले तर जे उरेल, तेच रेगेतून हे ढोल वजा केल्यावर उरेल.

मार्लेच्या आयुष्यातली एक गोष्ट आपल्यासारख्या परदेशस्थांना विशेष भिडावी. १९६६ च्या फेब्रुवारीत, लग्न होऊन दोन-चार दिवस होतात न होतात तोच, तो पैसे मिळवायला अमेरिकेत, डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला आईकडे आला. इथे तो मिळेल ते काम करत होता. नेमक्या त्याच काळात, २१ एप्रिल १९६६ रोजी, सेलासी जमैकाला आले. त्यांना पाहायला लोटलेल्या गर्दीत मार्लेची पत्नी रिटा होती. सम्राटाच्या तळहातावर आपल्याला खिळ्याची खूण दिसली, असे तिने पुढे सांगितले. मार्ले मात्र विल्मिंग्टनमध्ये! पोटासाठी दूर गेलेल्याचे घरचे दर्शन हुकणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. तो त्याच वर्षी परत गेला, आणि पुढे त्याचे गाणे दर्शनाच्या ओढीनेच भरून गेले.

काही वर्षांपूर्वी त्याच विल्मिंग्टनमध्ये, उन्हाळ्यातल्या एका मैफिलीत, मी एका वयस्क रास्ता ढोलकऱ्याला फोटोसाठी विचारले. ते म्हणाले, "वाजवताना हवे तेवढे काढा. पण सुरुवातीला आम्ही प्रार्थना करतो, तेव्हा कॅमेरा खाली ठेवा." मी विचारले, "का बरे?" ते हसले. "तेव्हा मी तुमच्यासाठी नसतो."

त्या चार शब्दांत मला बरेच काही मिळाले. गाणारा रंगमंचावर असला म्हणजे तो सर्वस्वी आपला होतो, असे श्रोत्यांना वाटते, आणि कॅमेरेवाल्याला तर जरा जास्तच. शिवाय या जटांमागे मोठी किंमत मोजलेली आहे. १९६३ साली कोरल गार्डन्समधल्या हिंसाचारानंतर जमैकाच्या पोलिसांनी बेटभर रास्तांची धरपकड केली, त्यांना मारहाण केली, कित्येकांच्या जटा कापल्या. जमैकाच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल संसदेत माफी मागितली ती २०१७ साली. ज्या केसांपायी माणसांनी मार खाल्ला, त्याच केसांचे टोप आज समुद्रकिनाऱ्यावरच्या दुकानांत गंमत म्हणून विकायला असतात.

यावर कुणी म्हणेल, "संगीत सर्वांचे असते. कुमारांची निर्गुणी भजने ऐकायला कुठे निर्गुणाचे उपासक व्हावे लागते?" अगदी बरोबर. रेगे ऐकायला सेलासींना देव मानण्याची गरज नाही. ते स्वतः तर इथिओपियाच्या पुरातन चर्चचे ख्रिस्ती होते, आणि १९७४ साली त्यांच्याच लष्कराने त्यांना पदच्युत केले. श्रद्धेवर प्रश्न जरूर विचारावेत. पण न पटणे वेगळे आणि न पाहणे वेगळे. समोरच्या माणसाचे तोंड कोणत्या दिशेला आहे, एवढे तरी फोटो काढणाऱ्याने पाहावे.

२२ एप्रिल १९७८ चा एक प्रसिद्ध फोटो आहे. पंतप्रधान मॅन्ली आणि विरोधी नेते सियागा यांचे हात मार्लेने रंगमंचावर एकत्र धरून उंच उचलले आहेत. आपण तो राजकीय समेटाचा फोटो म्हणून पाहतो. पण सेलासींच्या त्या भेटीला आदल्याच दिवशी बारा वर्षे पूर्ण झाली होती. मार्लेच्या दृष्टीने तो प्रार्थनेचा क्षण होता. हे कळल्यावर फोटो तोच राहतो, पाहणारा बदलतो.

हा प्रश्न केवळ जमैकाचा नाही. आपल्या गणेशोत्सवात लेझीम आणि दिंडी निघते, गावातल्या वृत्तपत्राचा छायाचित्रकार येतो, आणि दुसऱ्या दिवशी फोटोखाली 'रंगीबेरंगी पोशाखातले भारतीय' एवढेच छापून येते. त्यात खोटे काहीच नसते, तरी काहीतरी सलते. नऊवारीतली आजी टाळ वाजवताना कुणाकडे पाहत होती, हे त्या ओळीत नसते. आपल्याबद्दल इतरांनी जी जिज्ञासा दाखवावी असे आपल्याला वाटते, तीच आपण दुसऱ्याच्या जटांबद्दल दाखवायला हवी. मुलांना ते पोस्टर काढायला सांगण्याऐवजी त्या माणसाने कुणाला हाक मारली होती हे सांगावे, आणि त्याच ओघात आपण कुणाला हाक मारतो हेही.