पेटीत काय आहे?

आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी आखातात, कॅनडात किंवा अमेरिकेत आहे. त्यामुळे बॅगा भरण्याची धांदल आपल्याला नवी नाही. शेजारून वजनकाटा आणायचा, तेवीस किलोच्या पुढे काटा गेला की आधी लोणचे बाहेर, मग चादर, मग पुन्हा लोणचे आत!

२०२५ साली नोव्हेंबरात आम्ही उभयता नातीच्या स्नानसंस्कारासाठी न्यू जर्सीला जाणार होतो. बॅगांत मावेना, म्हणून एक पेटी सप्टेंबरातच पुढे पाठवावी असे ठरले. सुनेसाठी दोन साड्या, बाळाचा पांढरा झगा, एक चादर आणि घरी कुटलेला बाटली मसाला. सगळे मिळून चौदा हजारांचे सामान, म्हणजे साधारण १६० डॉलर.

पण टपाल कार्यालयात पेटी घेईनात. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली जकातमाफी २९ ऑगस्टला संपली होती. जकात कोणी आणि कशी गोळा करायची याचा पत्ता नव्हता, म्हणून आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सले आधीच थांबवली होती. ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. शिवाय २७ ऑगस्टपासून भारतीय मालावर पन्नास टक्के आयातशुल्क लागले होते. सूट उरली ती फक्त १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंना.

मग एका खाजगी कुरियरवाल्याकडे गेलो. तरुण मुलगा, बोलायला गोड. म्हणाला, "काका, किंमत ऐंशी डॉलर टाकतो. आणि मसाला लिहू नका, घरगुती आहे, लेबल नाही, अडकेल. सगळे 'कपडे'च लिहू. सगळे असेच पाठवतात." मी फॉर्मवर सही केली. वरील माहिती खरी आहे, असे त्या सहीच्या वर छापलेले होते.

पेटी आठ दिवसांत पोहोचली. कोणी उघडली नाही, कोणी अडवली नाही. सूनबाईने झग्याचा फोटो पाठवला. पकडलो गेलो असतो तर दंड भरून मोकळा झालो असतो. काहीच झाले नाही, आणि तेच मला टोचत राहिले. कारण मी पंचवीस वर्षे मानकोलीच्या बाजूला गोदामात काम केले आहे. चलनावर चाळीस नग असतील तर गाडीत चाळीसच नग, यावरून मी किती हमालांना आणि ड्रायव्हरांना बोललो असेन!

जकातीत थोडी लबाडी केली तर ते पाप आहे काय? हसू नका, या प्रश्नावर मोठमोठ्या ईशज्ञानी पंडितांनी डोके खाजवले आहे. सोळाव्या शतकापासून अनेकांचे मत असे होते की जकातीचे कायदे हे निव्वळ दंडाचे कायदे आहेत. सापडलास तर दंड भर, पण सदसद्विवेकबुद्धीवर त्याचे ओझे नाही. आमचा कुरियरवाला मुलगा नकळत त्याच पंथाचा! पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात न्याय्य कर फसवणुकीने चुकवणाऱ्यांना स्पष्ट दोष दिला, आणि १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथाने कर चुकवणे अनैतिक ठरवले.

'न्याय्य' हा शब्द मी धरून बसलो. दोन देशांच्या भांडणातले पन्नास टक्के एका बाळाच्या झग्यावर कशाला? हे न्याय्य कसे? आजही मला ते न्याय्य वाटत नाही. पण खरे सांगायचे तर मी निषेध करत नव्हतो. मी सात हजार रुपये वाचवत होतो.

कर टाळणे हेच वाईट, असेही नव्हे. आपल्या भिवंडीच्या आसपास एवढी गोदामे उभी राहिली, त्याला मुंबईची जकात हेही एक कारण होते. माल हद्दीबाहेर उतरवायचा, लागेल तेवढाच आत न्यायचा. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, गोदामे राहिली. त्यात खोटे काही नव्हते. माल जिथे होता तिथेच लिहिला जात होता. मीही चादर काढून, साड्या बॅगेत घालून पेटी शंभराच्या आत आणू शकलो असतो. सुचले नाही असेही नाही. कंटाळा केला.

जकात आपल्या भागात जुनी आहे. कल्याण बंदरातून जुन्नरला जाणाऱ्या नाणेघाटात दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असे लोक सांगतात. संत मत्तय तर जकातनाक्यावरच बसलेला होता, प्रभूने त्याला तिथूनच उठवले. इतकी वर्षे हे शुभवर्तमान ऐकताना मला नाक्यावर बसलेला लबाड माणूसच दिसायचा. नाक्यासमोर गाठोडे घेऊन उभ्या असलेल्या लबाडाकडे माझे लक्ष कधी गेले नाही.

जक्कयाने चौपट परत केले. मी कोणाला परत करणार? अमेरिकेच्या खजिन्याला मनीऑर्डर? शेवटी तेवढी रक्कम गरिबांच्या पेटीत टाकली. प्रश्न मिटला असे मात्र वाटत नाही, कारण त्या रकमेपेक्षा ती सहीच जास्त खटकते.

नोव्हेंबरात निघालो तेव्हा बायकोने मसाल्याची आणखी एक बाटली बॅगेत घातली होती. तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने खाण्याचे काही आहे का विचारले. मी म्हणालो, "मसाला आहे." सांगितलेल्या वस्तूबद्दल तिथे दंड नाही, फार तर वस्तू जाते. त्याने बाटली उघडली, वास घेतला, दोनदा शिंकला आणि जा म्हणाला. बायको म्हणाली, "एवढंच तर होतं. त्या फॉर्मवर लिहायला काय झालं होतं?"

रविवारी स्नानसंस्कार झाला. सैतानाचा आणि त्याच्या कृत्यांचा त्याग करता काय, असे फादरांनी विचारले. सगळ्यांनी होकार दिला. नात त्याच झग्यात होती. मीही होकार दिला, जरा हळू आवाजात.