शरकार आणि नागपूरची लेक

भक्तहो, अवधूतांनी यदुराजाला चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक बाण घडवणारा. शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, याला पत्ताच नाही! आपण नामाला बसलो की दारावरून किती स्वाऱ्या जातात हो? प्रत्येकीला उठून बघतोच ना!

२८ जुलै २०२५, जॉर्जियातलं बाटुमी. महिला विश्वचषकाची अंतिम लढत. नागपूरची दिव्या देशमुख, वय १९, रेटिंग २४६३; समोर कोनेरू हंपी, २५४३. हंपी थोरच, त्यात शंका नाही. पहिले दोन्ही डाव बरोबरीत, म्हणून जलद डाव. त्यातलाही पहिला बरोबरीत. दुसऱ्यात घड्याळ संपत आलं, हंपींची खेळी चुकली. काळी मोहरी घेतलेल्या पोरीचं लक्ष पटावरच होतं. जिंकली, ग्रँडमास्टर झाली, आणि आईच्या गळ्यात पडून रडली.