दुर्मिळ ते मोलाचे काय?

सहाव्या निजामांनी १८८६ साली घोड्यांच्या शर्यती मौला अलीहून मलकपेठेत आणल्या. तेथे पैसे लावण्याविषयी आपण मुलांना सावध करतो. परंतु त्याच मलकपेठेतील एखादा मुलगा घरी बसून पोकेमॉनच्या खेळात निराळ्या रंगाचा प्राणी तासन् तास शोधत असेल, तर त्यास काय म्हणावे?

मुले या प्राण्यांना ‘शायनी’ म्हणतात. ते १९९९ साली खेळात आले. आरंभी ८,१९२ भेटींत एक, असा त्यांचा हिशेब होता. २०१३ पासून तो ४,०९६ भेटींत एक असा झाला. निराळ्या रंगाने प्राण्याचे बळ मात्र वाढत नाही.

यात पैसा लावलेला नसतो, म्हणून आम्ही यास जुगार म्हणणार नाही. मुलाची चिकाटीही खरी आहे. पण तबला शिकणाऱ्याचा कालचा रियाज आज त्याच्या बोटांत उतरतो. येथे कालच्या हजार भेटी आज काहीच कामाच्या नाहीत. प्रत्येक भेट पुन्हा पहिलीच! ४,०९६ भेटींनंतरही शंभरांतील सुमारे ३७ जण रिकाम्या हातीच राहतात.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे, समोर आलेले ‘नेहमीचेच’ म्हणून सोडून देण्याची डोळ्यांना सवय लागते. पाणी, भाकरी, शेजारी ही तर रोजचीच आहेत. म्हणून ती कमी मोलाची काय?

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, मुलावर रागावू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, “बाळ, सोडून दिलेल्यांपैकी एखादा तुला आवडला होता का?”