लोकरीचे चौकोन

किहीमसारख्या गावात लोकरीचे दुकान कोणी काढणार नाही. आमच्याकडे थंडी पडते ती पौष-माघात, आणि तीही पहाटेपुरती. ऊन जरा वर आले की खांद्यावरच्या शालीचे ओझे होते. तरीही आमच्या घरात लोकरीचा एक डबा आहे. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. नात्यागोत्यातल्या बाळंतविड्यांतून उरलेले गुंडे त्यात साठत गेले आहेत: गुलाबी, पिवळे, पोपटी, एखादा शेंदरी. या डब्यामुळे मी एका कोड्यात पडलो. चोहोकडे संकट कोसळलेले असताना माणसाने आपल्या मनाला विरंगुळा द्यावा काय? की तो निव्वळ पळपुटेपणा आहे, फक्त दिसायला सुंदर?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. करोनामुळे शाळा मार्चपासून बंद होत्या. माणूस माणसाच्या दारात जायला कचरत होता. त्यात हे वादळ. समुद्रकाठची सुरूची झाडे मोडली, वाड्यांतल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. आमच्या पडवीवरची कौले उडाली, आणि दोन वर्षे लिहीत असलेल्या कादंबरीच्या तीन वह्यांचा भिजून लगदा झाला. वीज गेली ती कितीतरी दिवस आली नाही.

चौथ्या दिवशी ताडपत्री बांधून मी शिडीवरून उतरलो, तो आई ओटीवर बसून क्रोशाची सुई चालवीत होती. शेजारी तो डबा उघडा. गुलाबीभोवती पिवळा, पिवळ्याभोवती पोपटी असा तळहाताएवढा चौकोन तिच्या हातात वाढत होता. माझा तोल गेला.

“गावाची ही दशा, आणि तुला रंगीत लोकर सुचते?”

तिने मान वर केली नाही. “मग काय, शिडीवर चढू? हात रिकामे राहिले की सारखी ती आडवी वाडीच दिसते रे. हे चार खांब घातले की तेवढा वेळ दिसत नाही. मग उठवतं तरी.”

मी गप्प बसलो, पण मला ते पटले नव्हते. मी माझ्या दुःखाशी इमान राखून आहे, असे मला वाटत होते. मन दुसरीकडे वळवणे म्हणजे त्या इमानाला बट्टा लावणे!

पुढच्या काही दिवसांत मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एक चौकोन पुरा झाला की आई सुई खोचून ठेवी आणि उठे. कधी पेजेचे पातेले घेऊन शेजारच्या काकूंच्या अंगणात जाई, तोंडाला पदर लावून लांबूनच हाक मारी. कधी पागोळ्यांखाली बादल्या मांडी. आणि मी, इमान राखणारा मी, ताडपत्री बांधून झाल्यावर त्या भिजलेल्या वह्यांसमोर तासन् तास बसून राही. कोणाच्याही अंगणात मी गेलो नव्हतो.

जुलैत पावसाने कोंडून घातले तेव्हा मी तिच्याकडून शिकू लागलो. गाठ, साखळी, मुका खांब, खांब. एवढ्या चार गोष्टींवर चौकोन उभा राहतो. पहिल्या दिवशी माझा चौकोन पापडासारखा वाकडा झाला. आईने एक टोक ओढले, सर्रकन सगळे उसवले, आणि तीच लोकर पुन्हा माझ्या हातात दिली. एक इंचही कमी झाली नव्हती. चूक केली आणि काहीच गमावले नाही, असे त्या वर्षात प्रथमच घडत होते.

काम सोपे आहे, पण अगदीच सोपे नाही. सोपेपणामुळे चिंता वाटत नाही, आणि टाके मोजावे लागत असल्यामुळे मनाला भटकायला पुरती मोकळीक मिळत नाही. रंगांचेही तसेच. त्या दिवसांत प्रत्येक निर्णय भिववीत असे: बाजारात जावे की न जावे, कौलांना पैसे द्यावे की औषधांना. पिवळ्याशेजारी पोपटी घ्यावा की शेंदरी, हा एकच निर्णय असा होता की तो चुकला तरी कोणाचे काही बिघडणार नव्हते.

मला आमच्या गावाची एक जुनी गोष्ट आठवली. १९३० साली सलीम अली बर्लिनहून परत आले तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमला येऊन राहिले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. बेकारीच्या त्या पावसाळ्यात ते या विणकऱ्यांकडे पाहत बसले. त्यांना दिसले ते असे: नावाने ‘सुगरण’ असली तरी खोपा विणतो तो नर. तो अर्धा झाला की मादी येऊन पाहते. पसंत पडला तर घर बसते. नाही तर पठ्ठ्या दुसरा विणायला घेतो. हे निरीक्षण १९३१ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. पाखरू काही मनःशांतीसाठी विणत नाही. पण नोकरी नसलेला माणूस गवताच्या एकेका काडीवर नजर ठेवून बसला होता, त्याच्या मनाला त्या वेळी काही आधार मिळाला नसेल, असे मला वाटत नाही.

कोणी म्हणेल, विरंगुळ्याचा उपयोग झाला तरच तो क्षम्य. १९६२ साली चीनशी युद्ध पेटले तेव्हा घरोघरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. त्या विणकामाला कोणी नावे ठेवली नाहीत. पण लोकर जवानाला ऊब देण्याआधी विणणारीच्या हातांना थोडे सावरून गेली असेलच की! आईच्या चौकोनांना तर जवानही नव्हता. तेव्हा उपयोगाची कसोटी अपुरी वाटते. माझी कसोटी साधी आहे: सुई खाली ठेवल्यावर माणूस कुठे जातो? पुन्हा डब्याकडेच जात असेल, तर ती पळवाट. शेजाऱ्याच्या अंगणात जात असेल, तर तो विसावा.

विणल्याने कौले परत आली नाहीत. ती पैसे देऊनच बसवावी लागली. कादंबरीही पहिल्या पानापासून पुन्हा लिहिली. आणि लिहिताना उसवलेली लोकर आठवून फार धीर आला, असेही नाही. शब्दांची लोकर तशी परत मिळत नाही.

आता आईची नजर अधू झाली आहे. फराळाचे आटोपले की ती ओटीवर डबा घेऊन बसते, आणि मी पाठीशी वह्या तपासत असतो. एक गुंडा वर धरून ती विचारते, “हा पोपटी ना रे?”

त्या जूनमधल्या बोलण्याबद्दल मी तिची क्षमा कधी मागितली नाही. वही बाजूला ठेवून उठतो, गुंडा उजेडात धरतो आणि सांगतो, “नाही आई, पिवळा आहे. पोपटी हा घे.”