बाळंतिणीचे पहिले पंधरा दिवस

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीतले आकडे शेजारी शेजारी मांडले, की एक विसंगती नजरेत भरते. 2015-16 च्या पाहणीत देशातली 78.9 टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. 2019-21 मध्ये हे प्रमाण 88.6 टक्क्यांवर गेले. डॉक्टर आणि परिचारिका हाताशी आल्या. तरीही जन्मल्यावर तासाभरात आईच्या अंगावर घेतलेल्या बाळांचे प्रमाण 41.6 टक्के होते, ते 41.8 वरच अडले. पहिले सहा महिने निव्वळ आईच्या दुधावर असणाऱ्या बाळांचे प्रमाण मात्र याच काळात 54.9 वरून 63.7 टक्क्यांवर पोहोचले. तेव्हा बायकांची इच्छा कमी पडते आहे, असे म्हणायला जागा नाही. दवाखान्यातली खाट मिळाली. त्या खाटेशेजारी बसून बाळ अंगावर लावायला शिकवणारे माणूस मिळाले नाही. आईचे दूध म्हणजे अमृत, हे सांगणारी भित्तिपत्रके आपण पुष्कळ लावली. माझे म्हणणे असे, की स्तनपान आई आणि बाळ या दोन नवख्या जीवांना मिळून शिकावे लागते. ते शिकवण्याची जबाबदारी दवाखान्याची, आरोग्ययंत्रणेची आणि घराची आहे; आईच्या मायेवर ती ढकलून मोकळे होता येत नाही.

अंगावर पाजणे का सोडले, याचे सर्रास ऐकू येणारे उत्तर ‘दूध पुरत नव्हते’ हे असते. दूध खरोखरच न येण्याची कारणे आहेत: बाळंतपणातला मोठा रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणे, थायरॉइडचा विकार, स्तनावर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया. पण ती थोड्यांच्या वाट्याला येतात. बाकीच्या घरांत जे घडते त्याचा क्रम ठरलेला असतो. पहिल्या एक-दोन दिवसांत येतो तो चीक, पिवळसर, दाट आणि एका वेळी जेमतेम चमचाभर. बाळाची गरजही तेव्हा तेवढीच असते. पान्हा भरून यायला तिसरा-चौथा दिवस उजाडतो, सिझेरियननंतर कधी त्याहूनही उशीर होतो. दुसऱ्या रात्री बाळ सारखे रडते, सारखे लुचू पाहते. खोलीतल्या कुणाला तरी ते उपाशी वाटते आणि पावडरचे दूध आणले जाते. बाळ चार तास झोपते, सगळ्यांना हायसे वाटते. पण बाळ ओढते तेव्हा दूध तयार करायला लावणारे संप्रेरक, प्रोलॅक्टिन, वाढते, आणि स्तन जितका रिकामा होईल तितके दूध नव्याने तयार होते. चार तास कुणी ओढलेच नाही, तर शरीराला तेवढे दूध नको आहे असाच निरोप जातो. हे दोन-चार दिवस चालले, की दूध खरेच कमी पडू लागते आणि आधीची शंका खरी ठरल्यासारखी वाटते. अशा घरात वरचे दूध येते उपाय म्हणून आणि बहुधा दूध आटण्याचे कारण होऊन बसते.

दुसरी अडचण दुखण्याची. स्तनाग्राला भेगा पडणे, दूध दाटून स्तन टणक होणे, पुढे सूज आणि ताप येणे, या साखळीची सुरुवात बहुतेकदा बाळाचे तोंड नीट न लागण्यात असते. नीट लागलेले तोंड ओळखता येते. बाळाचे डोके, मान आणि पाठ एका रेषेत, पोट आईच्या अंगाला टेकलेले, नाक स्तनाग्रासमोर. जांभई देताना उघडते तेवढे तोंड बाळाने उघडेपर्यंत थांबायचे आणि मग बाळाला स्तनाकडे आणायचे; आईने पुढे वाकायचे नाही. हनुवटी स्तनाला टेकलेली असते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग वरच्यापेक्षा खालच्या बाजूने जास्त तोंडात गेलेला असतो. नुसते टोक तोंडात असेल तर ते कडक टाळूशी चेपले जाते: आईला कळ आणि बाळाच्या वाट्याला थेंब. बाळाने सोडल्यावर स्तनाग्र चपटे दिसले, तर पुन्हा लावावे. सूज आली तरी पाजणे थांबवायचे नसते; गाठ जोरजोरात चोळायची नसते, आणि ताप असला तर डॉक्टरांना दाखवायचे असते. दूध पुरते की नाही, याची खूणही रडण्यात शोधू नये. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी, आणि सुरुवातीला घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून येणे, हे त्याचे पुरावे. यातले काहीच अवघड नाही, पण वेदनेने डोळ्यांत पाणी आलेल्या बाईला ते कागदावर वाचून जमत नाही. कुणीतरी शेजारी बसून पाहावे लागते.

शेजारी बसण्याने फरक पडतो का? बेलारूसमध्ये 31 प्रसूतिगृहे आणि त्यांना जोडलेल्या दवाखान्यांत एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. सतरा हजारांवर आया-बाळांचा त्यात समावेश होता. काही ठिकाणच्या कर्मचाऱ्यांना स्तनपानाला मदत करण्याचे प्रशिक्षण दिले, बाकी ठिकाणी नेहमीची पद्धत चालू ठेवली. तिसऱ्या महिन्यात निव्वळ आईच्या दुधावर असलेली बाळे प्रशिक्षणाच्या गटात 43.3 टक्के, दुसऱ्या गटात 6.4 टक्के. परदेशाचे इथे कशाला, असे कुणी म्हणेल, तर हरियाणातल्या खेड्यांत झालेला आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. तिथे नवी नेमणूक केलेली नव्हती. गावातल्याच सुईणी, अंगणवाडी सेविका आणि परिचारिकांना शिकवले होते. तिसऱ्या महिन्यात प्रमाण 79 टक्के होते, शिकवले नव्हते त्या गावांत 48. दोन्हीकडे आया त्याच मातीतल्या होत्या. बदलले ते त्यांच्याभोवतीचे लोक.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो: आमच्या आज्यांना कुणी शिकवले होते? शिकवले होते, फक्त त्याला प्रशिक्षण म्हणत नसत. वाड्यात, वस्तीत मुलगी लहानपणापासून काकूला, वहिनीला बाळ पाजताना पाहत असे आणि बाळंतपणात सुईण दिवसेंदिवस ये-जा करी. आज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पहिले जवळून पाहिलेले तान्हे बाळ स्वतःचेच असते. शिवाय जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिथे चीक पिळून टाकत, मध आणि गुटी चाटवत, हेही विसरू नये. तिथली सोबत घ्यावी, हे रिवाज सोडावेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पावडरचे दूध उपलब्ध असताना बाईवर स्तनपानाची सक्ती का? सक्ती नसावीच. आजारपण, औषधे, काम किंवा नुसती इच्छा नसणे, ही तिची कारणे आहेत आणि तिला खाली मान घालायला लावण्याचा हक्क कुणालाही नाही. पण रात्री दोन वाजता, टाके ठणकत असताना, पर्याय एकच समोर ठेवला तर त्याला निवड म्हणता येत नाही. बाजार ही वेळ अचूक ओळखतो. म्हणूनच 1992 च्या कायद्याने आणि 2003 च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालील बाळांच्या दुधाच्या पावडरी, बाटल्या आणि आहाराच्या जाहिरातींना, फुकट नमुन्यांना बंदी घातली. आई पाजू शकत नसेल त्या कमी दिवसांच्या बाळासाठीही पावडरच्या आधी दुसऱ्या आईचे दूध असू शकते, हे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात आशियातली पहिली दुग्धपेढी उभारून दाखवले.

तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा. माणसे आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले आणि अर्भकमृत्यू घटवून दाखवले. त्याच धर्तीवर आशाताई आज दवाखान्यातून घरी आलेल्या बाळंतिणीला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटते. या भेटींत फॉर्म भरण्याइतकाच वेळ बाळ पाजताना पाहण्यासाठी ठेवला, आणि त्याचे प्रशिक्षण व मोबदला दिला, तर निम्मे काम होईल. उरलेले निम्मे कामाच्या ठिकाणी आहे. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली, पण ती संघटित नोकरीतल्या बाईपर्यंतच पोहोचते. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीला टनावर पैसे मिळतात. बाळाला पाजायला थांबलेली अर्धी घटका तिथे मजुरीतून जाते. तिला समुपदेशनाआधी रोख भत्ता आणि फडाजवळ पाळणाघर हवे.

तोवर ज्यांना दवाखाना निवडता येतो, त्यांनी नाव नोंदवताना पॅकेजच्या खर्चाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत. पहिल्या तासात, सिझेरियन झाले तरी, बाळ आईजवळ देता का? आणि बाळ अंगावर लावायला शिकवणारे कुणी रात्रपाळीला असते का? उत्तर नाही असे आले, तर दुसरा दवाखाना पाहावा, आणि पहिल्या दवाखान्याला त्याचे कारण सांगून यावे.