न दिसणारा अपकार

जें कृत्य कोणास दिसत नाहीं आणि ज्याचा परिणाम खुद्द कर्त्यासही कधीं दिसावयाचा नाहीं, त्याचा दोष त्याच्या पदरीं कितपत घालावा? हा प्रश्न मध्यंतरीं मोटारदुरुस्तीच्या एका कारखान्यांत आमच्यापुढें उभा राहिला.

आमच्या वडिलांच्या १९९२ सालच्या मोटारींतील वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर निकामी झाला. त्यांत आर-१२ हा जुना वायु होता. त्याऐवजीं आर-१३४ए घालावयाचें ठरलें. जुनें खनिज तेल या नव्या वायूंत मिसळत नाहीं, म्हणून तें काढून एस्टर तेल घालणें, ओलावा शोषणारा ड्रायर व रबरी कड्या बदलणें, वायु भरण्याचीं तोंडें निराळीं बसविणें, हें सर्व कारागिरानें नीट समजावून दिलें. शेवटीं तो सहज म्हणाला, "सर, आंत जुना गॅस आहे, तो हवेत सोडून देतो. कोणाला कळतंय?"

कोणालाच कळणार नव्हतें, हें खरें. १९३० सालीं थॉमस मिज्ले यांनीं हा वायु स्वतः हुंगून व त्याच उच्छ्वासानें मेणबत्ती विझवून त्याचा निरुपद्रवीपणा जगास दाखविला. वरच्या वातावरणांत तो काय करील हें तेव्हां कोणासच ठाऊक नव्हतें. पुढें १९७४ सालीं मोलिना व रोलंड यांनीं ओझोनच्या थरास असलेला धोका दाखविला आणि १९८७ सालीं माँट्रियलचा करार झाला. मिज्ले यांस अज्ञानाची सबब होती; आम्हांस ती उरलेली नाहीं. हा वायु हवेंत सुमारें शंभर वर्षें टिकतो. ज्यांचा अपकार व्हावयाचा, त्यांतील पुष्कळ अद्यापि जन्मासही आलेले नाहींत.

नवा वायु तरी कोठें निर्दोष आहे, असें कोणी म्हणेल. तो ओझोनास धक्का लावीत नाहीं. परंतु पृथ्वी तापविण्यांत तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक समर्थ आहे, म्हणूनच २०१६ सालीं किगाली येथें त्याचाही वापर घटविण्याचें ठरलें. तथापि जुना वायु त्याच्याही कित्येक पट तापदायक आहे. निर्मळ मार्ग सांपडेपर्यंत कमी-अधिक दोषाचा विवेकच करूं नये, हा आळसाचा युक्तिवाद होय.

वायु ओढून घेण्याचें यंत्र दुसऱ्या कारखान्यांत मिळालें. दोन दिवस अधिक गेले, पैसेही गेले. मोटार पूर्वीइतकी गार होत नाहीं, ती गोष्ट निराळी. मात्र सिलिंडरांत भरलेल्या त्या वायूचें पुढें काय झालें, याची चौकशी आम्हीं केली नाहीं. आमचीही नीति, दृष्टि पोंचली तेथेंच थांबली, हें कबूल केलें पाहिजे.