खर्चाचा उपवास

आषाढ शुद्ध एकादशीस चातुर्मासाचा आरंभ होतो व कार्तिक शुद्ध एकादशीस त्याची समाप्ती होते. या चार महिन्यांत एखादा तरी नेम धरावा, अशी आपल्या घरांतून जुनी रीत आहे. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतो, कोणी वांगे सोडतो, कोणी एकभुक्त राहतो. जिभेस काही काळ आवर घालण्यात कल्याण आहे, हे आपणांस पटलेले आहे. मग तोच न्याय हातातील पैशास का लावू नये? एका एकादशीपासून दुसऱ्या एकादशीपर्यंत अनावश्यक असे काही विकत घ्यावयाचे नाही, असा नेम कोणी धरल्यास त्याचे मोल काय, याचा येथे विचार करावयाचा आहे.

आपल्या जोयडा तालुक्यात असा नेम एके काळी निसर्गच पाळावयास लावीत असे. मृग लागण्यापूर्वी मीठ, मिरची, डाळी, सरपण यांची बेगमी करून ठेवावयाची. शेजारच्या गोव्यात हिलाच पुरुमेंत म्हणतात. ओढे-नाले भरून वाहू लागले की बाजाराची वाट अडे आणि घरात असेल त्यात भागवावे लागे. आता जेथे मोबाईल पोचला आहे तेथे भर पावसातही वस्तू मागविता येते. इच्छा आणि खरेदी यांमध्ये पूर्वी एक पावसाळा उभा असे. आज ते अंतर मनुष्यास बुद्धिपुरस्सर राखावे लागते.

मात्र सक्तीची ओढाताण म्हणजे व्रत नव्हे. काळी नदीवर धरण झाले आणि १९८० च्या दशकात जुने सुपे गाव जलाशयाखाली गेले. विस्थापितांपैकी पुष्कळ कुटुंबे रामनगर येथे येऊन वसली. घरदार व शेती मागे टाकून निघालेल्या माणसाने अपरिग्रह साधला, असे म्हणणे क्रूरपणाचे होईल; त्याने काही सोडले नव्हते, त्याच्याकडून ते गेले होते. ज्याच्या घरी बारा महिने ओढग्रस्त आहे, त्यास काटकसरीचा उपदेश करण्याचा अधिकार कोणासही नाही. हा नेम आहे तो ज्यास घेण्याचे व न घेण्याचे स्वातंत्र्य आहे त्याच्यासाठी.

महात्मा गांधींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांस व्रतांविषयी दर आठवड्यास पत्रे लिहिली. ज्या वस्तूची आपणांस गरज नाही ती घेणे हीदेखील चोरीच होय, असा अस्तेयाचा व्यापक अर्थ त्यांनी सांगितला. कसोटी कठोर आहे. परंतु गरज कोणती हे ओळखावे कसे? सवय बहुधा गरजेचाच वेष घेऊन पुढे येते. अल्पकाळच्या विरामाचा उपयोग येथेच आहे. उपवासाने भूक कायमची नाहीशी होत नाही. परंतु पोटाची भूक कोणती आणि जिभेची कोणती, हे त्या दिवशी उमगते.

कोणी म्हणेल, पंधरा दिवसांनी पुन्हा पूर्ववतच चालणार असेल तर या खटाटोपाचा लाभ काय? आक्षेप अगदीच निराधार नाही. हात आवरून मनात विषयांचेच चिंतन करीत बसणाऱ्यास गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मिथ्याचारी म्हटले आहे. सोळाव्या दिवशी दुप्पट खरेदी करावयाची असेल तर तो नेम नसून केवळ लांबणीवर टाकलेला लोभ होय. पण तेवढ्याने नेम व्यर्थ ठरत नाही. आपली इच्छा थांबू शकते की नाही, हे तरी त्यामुळे कळते.

आणखी एक सावधगिरी हवी. घरातील कर्त्या पुरुषाने व्रत जाहीर करावे आणि त्याची झळ स्वयंपाकघरास लागावी, हे उचित नाही. ज्याच्या हाती खर्चाची सत्ता आहे त्याने आपल्याच खर्चापासून आरंभ करावा. औषध, मुलांचे शिक्षण, मजुराची मजुरी, दुकानदाराचे देणे आणि दारी आलेल्या अतिथीचे जेवण यांस हा नेम कदापि लागू करू नये. दुसऱ्याच्या ताटातील घास कमी करून केलेला संयम हा संयमच नव्हे.

या पंधरवड्यात जी वस्तू घ्यावीशी वाटेल तिचे नाव एका कागदावर लिहून ठेवावे. पुढील एकादशीस तो कागद सर्वांनी मिळून वाचावा. ज्या वस्तूंची आठवणही उरली नसेल त्यांवर रेघ ओढावी; ज्यांची उणीव खरोखर भासली असेल त्या निःशंकपणे घ्याव्यात.